सिलिंडर उलटा करून ट्रॅक्टर चालत नाही

'डिझेलला रामराम! जुना ट्रॅक्टर घरच्या गॅसवर चालवा' हा मेसेज सध्या सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मोहोळ, माढा, बार्शी, सगळीकडून तोच येतो. काल तो मामांनी पाठवला आणि खाली विचारलं, 'रविवारी जोडून बघू का?' मामा, नाही. अजिबात नाही. का नाही ते सगळ्यांनाच कळावं म्हणून इथे लिहितोय.

मेसेजात म्हटलंय ते असं: कुठल्याही जुन्या ट्रॅक्टरला १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर जोडता येतो. एका सिलिंडरमध्ये दिवसभर नांगरट होते. सोलापूरच्या उन्हात गॅसला वेगळी ऊब लागत नाही. रेग्युलेटरवर बर्फ धरला तर उकळतं पाणी ओतावं किंवा ब्लो लॅम्प (जोराची ज्योत मारणारा दिवा) दाखवावा. ट्रॅक्टरचा दम गेला तर सिलिंडर उलटा करावा. इंजिन ऑइल दुप्पट टिकतं. आणि अमेरिकेतले शेतकरी वर्षानुवर्षं असेच ट्रॅक्टर वापरत होते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. १९४० आणि १९५० च्या दशकांत मिनियापोलिस-मोलीन, जॉन डिअर यांसारख्या कंपन्यांनी कारखान्यातूनच प्रोपेनवर चालणारे ट्रॅक्टर काढले होते. पण ती सगळी स्पार्क प्लगची, म्हणजे ठिणगीनं इंधन पेटवणारी इंजिनं होती. जाड पत्र्याची टाकी ट्रॅक्टरवरच कायमची बसवलेली असे, आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये इंजिनच्याच गरम पाण्यावर चालणारा व्हेपोरायझर, म्हणजे द्रव गॅसची वाफ करणारा भाग, असे. मेसेज लिहिणाऱ्याने अमेरिका घेतली आणि व्हेपोरायझर सोडून दिला.

आपल्याकडचा जुना ट्रॅक्टर म्हणजे डिझेल इंजिन. त्यात प्लग नसतो. हवा १६-१८ पट दाबली जाते, त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. गॅस तितक्या सहज पेटत नाही, त्यामुळे नुसत्या गॅसवर हे इंजिन चालत नाही. व्हिडिओत चालताना दिसतं ते वेगळंच असतं: डिझेल चालूच असतं आणि एअर क्लीनरच्या (इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या डब्याच्या) तोंडात गॅसची नळी सोडलेली असते. फेरे वाढले की ते सांभाळणारा गव्हर्नर डिझेल कमी करतो, बघणाऱ्याला बचत दिसते. दोन इंधनांवर इंजिन चालवण्याची पद्धत जगात आहे, हेही मान्य. पण तिथे गॅसचं माप ठेवणारी यंत्रणा असते. इथे गव्हर्नरचा ताबा फक्त डिझेलवर, नळीतून येणाऱ्या गॅसवर कुणाचाच नाही. नांगर उचलला, लोड गेला, तरी गॅस तितकाच येत राहतो आणि इंजिन सुसाट सुटतं. गॅस जास्त झाला की इतक्या दाबात तो अवेळी पेटतो, ठोके येतात, पिस्टनला भोक पडतं किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

आता बर्फ आणि उलटा सिलिंडर. बाकी मुद्द्यांनी इंजिन जाईल, या दोन मुद्द्यांनी माणूस जाईल.

सिलिंडरमध्ये गॅस पातळ, म्हणजे द्रव रूपात असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते, किलोला सुमारे ३७० किलोज्यूल. शेगडीला गॅस थोडाच लागतो, तेवढी उष्णता सिलिंडर भोवतालच्या हवेतून ओढतो. ट्रॅक्टरचं तसं नाही. नांगरटीला तासाला ४ लिटर डिझेल लागत असेल, तर तेवढ्याच कामाला प्लगच्या इंजिनात साधारण ४ किलो गॅस लागेल. म्हणजे सिलिंडर साडेतीन तासांत संपला, दिवसभर कुठला? आणि तासाला ४ किलो गॅसची वाफ करायला सतत सुमारे ४०० वॅट उष्णता हवी, म्हणजे १०० वॅटचे चार जुने पिवळे बल्ब अखंड पेटते ठेवण्याइतकी. बाहेर ४४ अंश ऊन असलं तरी सिलिंडरच्या पत्र्यातून एवढी उष्णता आत जात नाही. मग गॅस स्वतःचीच उष्णता वापरतो आणि गार होत जातो. पत्र्यावर घाम येतो, मग बर्फ धरतो. गार झाला की आतला दाब कमी होतो. आपल्या घरगुती गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास. त्यामुळे आधी प्रोपेन जास्त निघून जातो आणि तळाला ब्युटेन साठतो, जो गार सिलिंडरमधून वर यायला तयार नसतो. हलवून बघितलं तर आत गॅस आहे, पण इंजिनला मिळत नाही. मेसेज नेमका इथेच सांगतो, सिलिंडर उलटा करा.

उलटा केला की वाफेऐवजी पातळ गॅस बाहेर येतो. एका लिटरचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. घरगुती रेग्युलेटर आणि रबरी नळी शेगडीच्या दाबासाठी बनवलेली आहे, जेमतेम ३० मिलिबार. रेग्युलेटरमधला पडदा पातळ गॅससाठी नाही. तो गारठून कडक होतो, झडप नीट बसत नाही, आणि सिलिंडरचा कित्येक बारचा (एक बार म्हणजे हजार मिलिबार) दाब थेट नळीवर येतो. नळी निसटते किंवा फाटते ती तापलेल्या सायलेन्सरपासून हातभर अंतरावर. हातावर पातळ गॅस उडाला तर चटका भाजल्यासारखाच बसतो. इंजिन विहिरीच्या काठावर असेल तर आणखी वाईट, कारण हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो उडून जात नाही, खाली उतरतो आणि विहिरीत, चरात, गोठ्याच्या गटारीत साठतो. हवेत २ टक्के झाला की पेटायला पुरेसा. मोटर बघायला विहिरीत उतरलेल्या माणसाचा श्वास कोंडतो तो वेगळाच.

ब्लो लॅम्पबद्दल एवढंच: ज्योत लागते तिथला पत्रा तापून नरम पडतो आणि आतला दाब वाढत असतो. सिलिंडर फाटायला दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात.

ज्यांच्याकडे खरोखर गॅसकिटचं इंजिन आहे, म्हणजे एलपीजी रिक्षा किंवा कंपनीचं किट असलेलं पेट्रोल इंजिन, त्यांनाही बर्फ दिसतो. तिथे आधी बर्फ कुठे आहे ते बघायचं. थंड इंजिनवर पहिली काही मिनिटं रेड्युसरला (इंजिनच्या गरम पाण्यावर गॅसची वाफ करून दाब कमी करणाऱ्या भागाला) थोडा पांढरा थर येणं चालतं, तोवर लोड देऊ नका. गरम झाल्यावरही सगळ्या अंगावर बर्फ असेल तर रेड्युसरला गरम पाणी पोचत नाहीये. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याची पातळी बघा. रेड्युसर उंचावर बसवलेला असतो, पाणी थोडं कमी झालं तरी पहिल्यांदा तोच कोरडा पडतो. मग इंजिन चालू करून पाण्याच्या दोन्ही नळ्यांना हात लावा. दोन्ही गरम हव्यात. एक गरम आणि एक गार असेल तर आत हवा अडकलीय किंवा क्षार धरलाय. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणाऱ्यांकडे क्षारच निघतो, म्हणून कूलंट वापरा. दोन्ही कोमट असतील तर मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलाय का ते विचारा. 'इंजिन गार राहतं' म्हणून तो काढायची आपल्याकडे खोडच आहे, आणि गॅसच्या इंजिनला ती सगळ्यात जास्त भोवते.

बर्फ फक्त फिल्टरवर किंवा सोलेनॉइडवर (विजेवर उघडणाऱ्या झडपेवर) एकाच जागी असेल तर तिथे कचरा अडकलाय. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, लाइनमधला गॅस संपून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, मग उघड्यावर फिल्टर खोलायचा. आणि व्हॉल्व्ह झटक्यात उघडल्यावर इंजिन लगेच मेलं तर बिघाड शोधत बसू नका. टाकीतला जादा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह मिटलाय. बंद करा, मिनिटभर थांबा, दाब सारखा होऊन तो सुटला की सावकाश उघडा. आयडलिंग (लोड नसताना इंजिनचं संथ चालणं) बिघडलं आणि गॅसचा वास येत असेल तर रेड्युसरच्या तळाच्या बोल्टातून साठलेला तेलकट गाळ काढा, इंजिन कोमट आणि गॅस बंद असताना. गळती साबणाच्या फेसानंच तपासायची, काडीनं कधीच नाही.

ऑइलचा मुद्दा निम्मा खरा आहे. गॅसवर ऑइल कमी काळं होतं, कारण त्यात इंधन आणि काजळी फार मिसळत नाही. पण उष्णतेनं ऑइल जुनं होतंच आणि त्याचा रंग ते सांगत नाही. तासांच्या हिशोबानं बदला.

कुणी म्हणेल, रिक्षा चालते मग ट्रॅक्टर का नको? १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली २००१ साली मोटार वाहनांतल्या एलपीजी वापराचा स्वतंत्र आदेश निघाला. वाहनात कायमची बसवलेली, मंजूर ऑटो एलपीजी टाकी असल्याशिवाय हा गॅस वाहनाला वापरता येत नाही. ट्रॅक्टर कायद्याने मोटार वाहनच आहे. त्या टाकीत ८० टक्क्यांवर भरणं थांबवणारी झडप असते, दाब वाढला तर सोडणारी आणि नळी तुटली तर प्रवाह अडवणारी झडप असते. घरगुती सिलिंडर ओट्याखाली उभा राहण्यासाठी बनवलाय, नांगरटीच्या हादऱ्यांसाठी नाही.

कुणी आधीच जोडून बसला असेल तर आज ट्रॅक्टर सुरू करू नका. शेडमध्ये असेल तर दारं उघडा, लाइटचं बटण दाबू नका, बॅटरीची वायर काढायला जाऊ नका, तिथेच ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपी लावा, तो उभाच मोकळ्यावर न्या, विहिरीपासून आणि चरापासून लांब. वास येतच राहिला तर माणसं आणि जनावरं वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या आणि गॅसगळतीसाठीच्या १९०६ या नंबरावर फोन करा, तोही लांब गेल्यावर. वास पूर्ण गेल्यावरच शेडमध्ये परत जा आणि एअर क्लीनरला पाडलेलं भोक बुजवा, नाहीतर पुढच्या नांगरटीला तिथून धूळ ओढून इंजिनचा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते अस्तर) जाईल.