डॉक्टर पुरे, आता गाव दाखवा

झी मराठीवरच्या ‘देवमाणूस’ मालिकेचा तिसरा भाग २०२५ मध्ये आला आणि साताऱ्यात आमच्या घरी जुनाच वाद नव्यानं सुरू झाला. दादाचं म्हणणं, ह्या मालिकेनं जिल्ह्याची पार बदनामी केली. पुण्यात कुणाला वाईचं नाव सांगितलं की आता मेणवलीचा घाट आठवत नाही, मालिकेतला तो खुनी डॉक्टर आठवतो. वहिनी उलट बाजूची. “झालं ते झालंच की. दाखवलं तर बायका सावध तरी होतील.” फोनवर दोघंही मला पंच करतात. मी मँचेस्टरच्या जवळ एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, म्हणून मला यातलं जास्त कळतं असा त्यांचा समज. मला दोघांचंही पटत नाही. बदनामी झाली असेल तर ती एका चांगल्या कथेची झाली, आणि ती सांगणाऱ्यांनीच केली.

मालिकेमागचं प्रकरण सातारकरांना नव्यानं सांगायला नको. ऑगस्ट २०१६ मध्ये वाईजवळच्या धोमचा संतोष पोळ पकडला गेला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार २००३ पासून सहा माणसं मारली गेली होती, त्यांत पाच बायका. गावात तो ‘डॉक्टर’ म्हणून वावरत होता. शिवाय भ्रष्टाचाराच्या तक्रारी करणारा म्हणून त्याचं नाव होतं, त्यामुळे सरकारी माणसंही त्याच्यापासून चार हात लांब राहत, असं तेव्हाच्या बातम्यांत वाचलेलं आठवतं. तेरा वर्षं! एकेक बाई नाहीशी होत गेली आणि गावगाडा चालू राहिला. लेखकाला आणखी काय हवं?

ऑगस्ट २०२० मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा मीही मन लावून पाहिली. लॉकडाऊनचे दिवस होते, इथे संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं. सुरुवात झकास होती. सरू आजीच्या तोंडच्या म्हणी, टोण्याचा आगाऊपणा, डिंपलचा नखरा, बज्या आणि त्याची टोळी. भाषा आपली, अंगणं आपली. डॉक्टरचा खरा चेहरा पहिल्यापासून प्रेक्षकाला ठाऊक आणि गावाला मात्र नाही, हा डावही हुशारीचा.

पण तोच डाव अंगाशी आला. खुनी कोण हे आधीच माहीत असलं की प्रश्न एकच उरतो, तो सापडणार कधी? आणि रोजच्या मालिकेत तो सापडणं परवडत नाही, कारण तो सापडला की मालिका संपली. मग करायचं काय? तर बाकी सगळ्यांना बावळट करायचं. एसीपी दिव्या सिंग आली तेव्हा मी सावरून बसले होते, म्हटलं आता जुगलबंदी. हळूहळू तिलाही हातातोंडाशी आलेला पुरावा निसटू देणं भाग पडलं. बाई भाळते, पैसे देते, संशय घेते, सुई टोचली जाते. पुन्हा नवी बाई. एवढ्यात खलनायकाचा नायक कधी झाला हे करणाऱ्यांनाही कळलं नसावं. (माझ्या आत्याला तो ‘दिसायला बरा’ वाटायचा. आत्याला मी काय बोलणार!)

इथे राहून मला ही गोष्ट जास्त डाचते, त्याला कारण आहे. मी काम करते तिथून हाइड फार लांब नाही. त्या गावात हॅरॉल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता, खरा, पदवीचा. जानेवारी २००० मध्ये त्याला पंधरा खुनांबद्दल जन्मठेप झाली. पुढे न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीनं २००२ च्या पहिल्याच अहवालात बळींचा आकडा २१५ धरला. असे सहा अहवाल निघाले. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते वाचावेच लागतात, आणि खरं सांगते, कुठल्याही मालिकेपेक्षा ते जास्त धरून ठेवतात. कारण त्यांत शिपमनच्या डोळ्यांतली चमक नाही. शेजारच्या दवाखान्यातली एक डॉक्टरीण आहे, जिला दहनाच्या कागदांवर लागणारी दुसऱ्या डॉक्टरची सही करता करता वाटलं की ह्याचे पेशंट जरा जास्तच मरतायत. अंत्यसंस्काराचं काम करणाऱ्या घरातली एक मुलगी आहे, तिलाही तेच वाटलं. मार्च १९९८ मध्ये पोलिसांनी चौकशी केली आणि त्यांना काहीच सापडलं नाही. त्यानंतरही माणसं मेली. पेथिडिन ह्या सवय लावणाऱ्या वेदनाशामकाच्या खोट्या चिठ्ठ्यांबद्दल १९७६ मध्येच दोषी ठरलेला माणूस पुन्हा डॉक्टरकी करत होता, ज्यानं त्यानं माणसं मारली ते डायमॉर्फिन, मॉर्फिनच्या जातीचं जहाल वेदनाशामक, त्याच्या हाती येत होतं.

ते कुठून येत होतं, कुणी मोजलं नाही, ह्यावर इथे कायदे बदलले. आम्ही असल्या औषधांची एकेक कुपी वहीत मांडतो ती उगाच नाही. डॉक्टरनं लिहिलेलं मृत्यूचं कारण दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरनं तपासायचं, हे इंग्लंड-वेल्समध्ये सक्तीचं व्हायला मात्र सप्टेंबर २०२४ उजाडलं. तेव्हा इथलं सगळं कसं चोख, असला सूर मला लावायचा नाही.

धोमच्या प्रकरणात सक्सिनिलकोलीनचं नाव आलं होतं. भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते औषध, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पॅरासिटामॉलसारखं मिळत नाही. ते त्या माणसाच्या हातात आलं कसं? कुठल्या कपाटातून? मला विचाराल तर मालिका तिथून सुरू व्हायला हवी. पडद्यावर मात्र सुई खिशातून निघते, संगीत वाजतं, झालं.

“मालिका लांबते म्हणून बिघडते,” असं दादा म्हणतो. तेवढ्यानं भागत नाही. इथे बीबीसी रेडिओवर ‘द आर्चर्स’ ही एका खेड्याची मालिका १९५१ पासून चालू आहे. शेतकऱ्यांना शेतीतलं नवं काही कळावं हाही हेतू तिच्यामागे होता. सत्तर वर्षं ओलांडून ती ऐकली जाते, कारण तिच्यात कुणा एकाचं गुपित ताणलेलं नाही. गाव आहे. माणसं येतात, भांडतात, मरतात, गावाचं चालू राहतं. ‘देवमाणूस’कडे असं गाव होतं! सरू आजीच्या ओट्यावर वर्षभर गोष्ट बसली असती.

वाईच्या पश्चिमेला जोर, जांभळीकडे जाऊन बघावं. डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी हिशेब. पावसाळ्याच्या रात्री तिथवर पोचायचं कसं? अशा वेळी दारात येऊन सलाईन लावणारा, उधारी ठेवणारा, ‘काकू’ म्हणून हाक मारणारा माणूस देवच वाटतो. त्याची पदवी कोण विचारणार? ज्या आशाताईला शंका आली, तिचं कुणी ऐकलं का? बेपत्ता बाईची तक्रार द्यायला गेलेल्या भावाला ठाण्यात काय सांगितलं असेल, “गेली असेल कुणाबरोबर तरी”? एवढ्यावर शंभर भाग निघतील आणि एकातही पोलिसाला मूर्ख करावं लागणार नाही.

म्हणून वहिनीशीही माझं जमत नाही. बायका सावध होतील, म्हणजे कशापासून? गोड बोलणाऱ्या देखण्या पुरुषापासून? त्याला मालिका कशाला, आमची आजी पुरेशी होती. आणि दादाला मी विचारलं, गावात दवाखाना चालला, तेरा वर्षं कुणी नोंदणी तपासली नाही, ह्यात बदनामी नेमकी कुणाची रे? तो म्हणाला, “तुला तिथं बसून बोलायला काय जातंय? असलं कागदपत्रांचं दाखवलं तर साडेदहाला बघणार कोण?”

“वहिनी बघेल,” मी म्हटलं. मागून वहिनीचा आवाज आला, सरू आजी असेल तरच.