जोडधंदा म्हणून जंतुपालन

शेळ्या पाळून झाल्या, कोंबड्या सांभाळून झाल्या, गांडूळखताच्या शिबिराचं प्रमाणपत्रही भिंतीवर लागलं. हाती काय आलं? आता जंतुपालनाकडे वळा. शेड बांधायला नको, बँकेत खेटे घालायला नकोत. जागा म्हणून स्वतःचं आतडं पुरतं आणि बियाणं तिथे लहानपणापासून पडलेलंच आहे. फक्त साधा वाण नको, तो कुणीही पाळतं. आपल्याला हवा कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणारा.

सुरुवात सर्दीपासून करा. सर्दी विषाणूची असते, अँटिबायोटिक विषाणूचं काही वाकडं करत नाही, असं कुणीतरी शहाणं सांगेलच. मान डोलवा आणि मेडिकल गाठा. 'घसा धरलाय, जरा स्ट्राँग द्या' एवढं पुरे. काउंटरवरचा पोरगा कात्रीने तीन गोळ्या कापून देईल. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी. एक्स्पायरीची तारीख नेमकी दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असते, त्यामुळे वाचायची कटकटही वाचते. २०१४ पासून शेड्यूल एच-वन नावाचा नियम आहे: सेफिक्झिमसारखी औषधं विकताना पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. कोरी वही जपायला सोपी जाते.

गोळी पोटात गेली की पुढचं काम आपोआप होतं. सर्दीच्या विषाणूला ती शिवतही नाही, पण आतड्यातले साधेभोळे जंतू मात्र पटापट मारते. उरतात ते निबर. आता रान मोकळं! ई. कोलायसारखा जंतू सगळं मनासारखं असेल तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. शिवाय तो मनाचा उदार. औषध पचवायची युक्ती तो प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्याशा वेटोळ्यातून शेजारच्या जंतूला देऊन टाकतो, शेजारी परजातीचा असला तरी. आपल्या सोसायट्यांनी काही शिकावं.

ही पद्धत आमची नव्हे. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणात ती तपशिलवार सांगितली होती. कुणी एक्स नावाचा गृहस्थ घसा दुखतो म्हणून पेनिसिलिन आणतो आणि इतकं थोडं घेतो की जंतू मरत नाहीत, तरबेज होतात. मग तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, ती जाते. फ्लेमिंगना हा इशारा वाटत होता. आपण ती कृती म्हणून उतरवून घेतली.

मोठं उत्पादन काढायचं तर टीबी धरा. नेहमीच्या टीबीचे उपचार साधारण सहा महिने चालतात आणि बरं मात्र एक-दोन महिन्यांतच वाटू लागतं. त्याच सुमारास गोळ्या बंद करा. पुन्हा खोकला आला की थोड्या घ्या, पुन्हा सोडा. वाटपाचा खर्च शून्य, खोकलं की माल घरोघर.

निर्यातीचीही चिंता नको. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या जंतूत नव्या तऱ्हेचं एन्झाइम सापडलं, कार्बापेनेमसारखी राखीव औषधंही निकामी करणारं. रुग्ण आधी दिल्लीत उपचार घेऊन आलेला, म्हणून एन्झाइमच्या नावात नवी दिल्ली आली: एनडीएम-१. यावर आपल्याकडे केवढा संताप झाला! नावावर. एन्झाइम बापडं तसंच राहिलं.

पीक तयार झालं की कल्चर रिपोर्टवर, म्हणजे जंतू वाढवून त्यावर औषधं तपासल्याच्या कागदावर, दिसतं. डाव्या बाजूला औषधांची यादी, समोर एस किंवा आर. एस म्हणजे औषध लागू पडेल. वरून खाली नुसते आर, आर, आर दिसले की पेढे वाटा. नातेवाईक आयसीयूबाहेर असतील, त्यांनाही द्या. यादीच्या तळाशी कधीकधी एखादा चुकार एस उरतो: कोलिस्टिन. मूत्रपिंडाला जाच होतो म्हणून डॉक्टरांनी हे औषध एकेकाळी जवळजवळ अडगळीत टाकलं होतं, बाकीची निकामी व्हायला लागली तेव्हा पुन्हा बाहेर काढलं. मधल्या काळात कोंबड्या ते खाद्यातून खात होत्या, वजन वाढावं म्हणून. त्यांचा रतीब सरकारने २०१९ मध्ये बंद केला. आता ते तुम्हाला मिळेल. मूत्रपिंडाचं मनावर घेऊ नका, देवाने दोन दिलीत.