‘व्यायामाआधी एक सिगारेट’ सांगणारा मेसेज पुढे पाठवू नका

‘सिगारेट न सोडता घरच्या घरी ३० दिवसांत पुन्हा फिट’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. सोसायटीचे ग्रुप, शाळेच्या जुन्या बॅचचे ग्रुप, सातपूर-अंबडच्या कामगारांचे ग्रुप, कुठेच तो चुकलेला नाही. खाली सही म्हणून ‘एका नामांकित ट्रेनरचा सल्ला’ एवढंच. ट्रेनर कोण, कुठला, काही पत्ता नाही.

मी तो वाचून डिलीट केला असता. पण परवा वहिनीचा फोन आला. आवाजात चक्क सुटकेचा भाव होता. “यांनी व्यायाम सुरू केलाय गं. आता सिगारेटची तेवढी काळजी नाही, त्या मेसेजमध्ये सगळं लिहिलंय.” दादा ४६ वर्षांचा आहे, कॉलेजपासून ओढतो, बीपीची गोळी चालू आहे आणि कंपनीत शिफ्ट ड्यूटी करतो. हा मेसेज नेमका अशाच माणसाच्या हातात पडू नये, म्हणून हे लिहिते आहे.

“व्यायामाच्या दहा मिनिटं आधी एक सिगारेट घ्या. फुफ्फुसं उघडतात, दम वाढतो.”

सगळ्यात आधी हेच, कारण बाकीचं बरंचसं निरुपयोगी असलं तरी हे धोकादायक आहे.

रविवारी सिडकोत त्यांच्याकडे गेले तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. दादाने गच्चीच्या कठड्याला टेकून सिगारेट संपवली, थोटूक तुळशीच्या बाजूच्या रिकाम्या कुंडीत विझवलं आणि सतरंजीवर सूर्यनमस्काराला उभा राहिला. थोड्याच नमस्कारांत दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो वाकला. कपाळावर घाम, छातीत घुरघुर, मग खोकल्याची उबळ. सावरल्यावर मला म्हणतो, “बघ, घाम फुटला ना? म्हणजे लागू पडतंय.”

काय लागू पडत होतं ते सांगते. सिगारेटमधलं निकोटिन ॲड्रेनलिन वाढवतं. त्यामुळे नाडीचे ठोके मिनिटाला १० ते २० ने वाढतात, रक्तदाब चढतो आणि रक्तवाहिन्या आकसतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही त्यात आल्या. त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात जातो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रोज पाकीटभर ओढणाऱ्याच्या रक्तात साधारण ५ टक्के किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन असं अडकून पडलेलं असतं, म्हणजे ते ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामाचं राहत नाही. कसारा घाट चढताना रेस वाढवायची आणि पेट्रोलचा कॉक अर्धा बंद करायचा, तसं हे हृदयाच्या बाबतीत चाललेलं असतं. बीपी असलेल्या, पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला हा सल्ला देणाऱ्याला जबाबदारी म्हणजे काय हे कळत नाही.

फुफ्फुसं ‘उघडतात’ हे तर सरळ उलटं आहे. धूर आत गेला की काही सेकंदांत श्वासनलिका आकसतात आणि हवेला होणारा अडथळा वाढतो. मग ‘बरं वाटतं’ ते का? निकोटिनने तरतरी येते हे खरं आहे. रात्रभर निकोटिन मिळालेलं नसतं, त्याची तगमग पहिल्या झुरक्याने शमते, हेही खरं. पण त्याने दम वाढत नाही. एके काळी दम्यासाठी सिगारेटी विकल्या जात, हा दाखलाही कुणी तरी देईल. त्यात धोत्र्याची पानं असत. श्वासनलिका सैल करण्याचा गुण धोत्र्यातल्या ॲट्रोपीनसारख्या द्रव्यांचा होता, तंबाखूचा नाही. आणि धोत्रा विषारी आहे, त्यामुळे कृपा करून तो प्रयोगही नको.

माझ्यावर विश्वास नसेल तर एरवी ओढणारच आहात त्या सिगारेटच्या आधी दहा मिनिटं शांत बसा आणि मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. ओढून झाल्यावर जागेवरून न उठता पुन्हा मोजा. दादाला मी हेच करायला लावलं. दुसऱ्यांदा मोजताना तो गप्प झाला.

आणि ज्याची आज सुटणारच नाही, त्याने निदान सकाळची पहिली सिगारेट व्यायामाआधी तरी ओढू नये. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायलाच चार ते सहा तास लागतात. रात्रीच्या झोपेनंतर तो सगळ्यात कमी असतो, आणि नेमकी तीच वेळ हा मेसेज वाया घालवायला सांगतो.

“रोज २० मिनिटं व्यायाम केला की दोन-तीन सिगारेटींचा परिणाम धुऊन निघतो.”

‘मी फार नाही ओढत, दोन-तीनच’ हे वाक्य कॉलेज रोडच्या प्रत्येक टपरीवर ऐकू येतं. त्याचं उत्तर २०१८ च्या जानेवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात आहे. १४१ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तो केलेला आहे. रोज फक्त एक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा धोका अजिबात न ओढणाऱ्यापेक्षा ४८ टक्के जास्त निघाला, बायकांना ५७ टक्के. रोज २० ओढणाऱ्या पुरुषाचा धोका साधारण दुप्पट. म्हणजे २० वरून १ वर आलात तर धोका विसावा हिस्सा उरेल असं वाटतं, प्रत्यक्षात जवळजवळ निम्मा तसाच राहतो. सिगारेटचा पहिला झुरका सगळ्यात महाग पडतो, आणि व्यायामाने तो धुऊन निघत नाही. धुण्याची भाषाच चुकीची आहे.

यातलं अर्धं मात्र मला मान्य करावं लागेल. ओढणाऱ्यानेही व्यायाम करावा. काहीच हालचाल न करणाऱ्या धूम्रपीपेक्षा चालता-फिरता धूम्रपी बरा राहतो. व्यायामाचा खरा उपयोग तर मेसेजने सांगितलेलाच नाही: तलफ आली की पाच-दहा मिनिटं भरभर चालल्याने ती उतरते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. व्यायाम सिगारेट सोडवायला मदत करतो. हा मेसेज तोच व्यायाम सिगारेट चालू ठेवायचं निमित्त म्हणून वापरतो.

गूळ, घाम आणि भस्त्रिका

मेसेज म्हणतो, गूळ खाल्ल्याने फुफ्फुसातलं डांबर निघतं, घामावाटे निकोटिन जातं आणि भस्त्रिकेने, म्हणजे जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याच्या प्राणायामाने, आत साचलेलं बाहेर पडतं. हे तीन मुद्दे एकत्रच घेते, जास्त वेळ द्यायच्या लायकीचे नाहीत. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुफ्फुसातलं डांबर काढायला त्याला रस्ताच नाही. निकोटिनचा निचरा मुख्यतः यकृत करतं, घामावाटे जातं ते नगण्य. भस्त्रिकेने श्वासाचा सराव होतो, साचलेलं काही निघत नाही. आणि बीपी असलेल्याने जोरजोराचे श्वास मनानेच सुरू करू नयेत.

“विडी नैसर्गिक, तिला कागद नाही, ती चालते.”

सिन्नर आपल्या जिल्ह्यातलं विडीचं जुनं गाव, त्यामुळे हे आपल्याकडे पटकन पटतं. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून ती पेटती ठेवायला जास्त वेळा आणि जोरात ओढावं लागतं. कार्बन मोनॉक्साइड त्यामुळे कमी होत नाही, वाढतो.

“पहिल्या दिवसापासून १०० जोर, १०० बैठका.”

वर्षानुवर्षं हालचाल नसलेल्या माणसाने एकदम जोराचा व्यायाम केला तर त्याच वेळी हार्ट अटॅक येण्याचा धोका वाढतो. ओढणाऱ्यात आधीच तो जास्त. चाळिशी पार केली असेल, बीपी-शुगर असेल, जिना चढताना छातीत दाब किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ येत असेल तर आधी डॉक्टर, मग सतरंजी.

घरी करायचंच तर सुरुवात अगदी साधी चालते. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला टेकून जोर, सोसायटीचा जिना एकेक मजला. बोलता येईल इतपतच दम लागला पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की थांबा. जमायला लागलं की संध्याकाळी गोदापार्कला चाला. पांडवलेणीच्या पायऱ्या नंतर, पहिल्या आठवड्यात नाही.

“सोडली की वजन वाढतं, मग फिटनेस कसला?”

वाढतं, नाकारत नाही. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. काहींचं उलट कमीही होतं. पण हृदयाचं आणि फुफ्फुसांचं जे वाचतं त्यापुढे हे वजन किरकोळ आहे, आणि ते उतरवायलाच तर घरचा व्यायाम आहे.

“चाळिशीनंतर शरीराला सवय झालेली असते. सोडली तर त्रासच होतो.”

दादा याच ओळीला धरून बसला आहे. मागे एकदा त्याने सोडली होती, तेव्हा खोकला वाढला आणि ‘मला नाही मानवत’ म्हणत पुन्हा सुरू केली. श्वासनलिकेत कफ वर ढकलणारे बारीक केसासारखे तंतू असतात. धुराने ते मंदावतात. धूर थांबला की पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ बाहेर काढतात, म्हणून काही आठवडे खोकला वाढू शकतो. चिडचिड, झोप न लागणं, भूक हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातं. रक्त पडलं, ताप आला किंवा खोकला लांबला तर मात्र दाखवायलाच हवं.

एकट्याने निभावत नसेल तर पाकिटावरच १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत नंबर छापलेला असतो, सोडायला मदत करणारी माणसं तिथे बोलतात. निकोटिनचं च्युइंगम आणि गोळ्याही आहेत, डॉक्टरांना विचारून घेता येतात.

आणि ‘आता काय उपयोग’ याचं उत्तर ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून ५० वर्षं चाललेल्या अभ्यासाने २००४ मध्ये देऊन ठेवलं आहे. ओढत राहणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. ज्यांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडली त्यांची त्यातली साधारण ९ वर्षं वाचली, पन्नासाव्याच्या सुमारास सोडली त्यांची ६, साठाव्याच्या सुमारास सोडली त्यांचीही ३. दादा ४६ चा आहे. हा हिशेब मी त्याला आणि वहिनीला, दोघांनाही पाठवला आहे.