सायीचं व्हिप्ड क्रीम होत नाही वहिनी, लोणी होतं

गेला महिनाभर एकच मेसेज फिरतोय. अपार्टमेंटच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर मावशीनं हात जोडून टाकला. मजकूर साधारण असा: 'बेकरीतलं क्रीम म्हणजे प्लास्टिक. घरची साय, साखर आणि बर्फ मिक्सरला दोन मिनिटं फिरवा, बेकरीपेक्षा भारी व्हिप्ड क्रीम तयार. साय नसेल तर पाकिटातलं फ्रेश क्रीम आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर. जितकं फिरवाल तितकं फुलेल. बीटरवर पैसे घालवू नका.'

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत घरून केकच्या ऑर्डरी घेते. त्यामुळं 'ताई, हे खरं हाय का?' असं विचारत हा मेसेज माझ्याकडं येतच असतो. गेल्या रविवारी तो वाटीतून आला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या पोराचा वाढदिवस होता. वाटीत पांढराशुभ्र, छान शेंडे उभे राहिलेला ऐवज. वहिनी म्हणाल्या, "झालंय की झकास! पण टाळूला का चिकटतंय ओ?"

मी चमच्याच्या पाठीनं तो गोळा वाटीच्या कडेला दाबला. बारीक बारीक थेंब सुटले, दुधी रंगाचे. ताक. लोणी धुताना निघतं तेच.

गाईच्या दुधाचं असतं तर लोणी पिवळसर आलं असतं आणि वहिनींनी लांबूनच ओळखलं असतं. पण आपल्याकडं घरोघरी दूध म्हशीचं. गाईच्या लोण्याला पिवळा रंग देणारं कॅरोटीन म्हशीच्या दुधात जवळजवळ नसतं, म्हणून लोणी दुधासारखं पांढरं. मोबाईलच्या पडद्यावर ते हुबेहूब व्हिप्ड क्रीम दिसतं. 'माझं तर झालं बाई' म्हणणाऱ्या निम्म्याजणींचं असंच झालेलं असणार, अशी माझी खात्री आहे. केकवर लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी सुरी टेकवली की कळतं.

आता मेसेजमधली कृती परत वाचा. साय घ्या, बर्फ घाला, फिरवा. आपल्या आज्ज्या रवीनं हेच करत होत्या. लोणी गोळा होऊन वर यावं म्हणून त्या गार पाणी घालायच्या, हल्ली आपण बर्फ घालतो. म्हणजे कृती चुकीची नाहीच, लोण्याची आहे. फक्त साखर घालून नाव बदललंय.

मग साय आणि क्रीम यांत फरक काय? दोन्हींत फॅट भरपूर, हे खरं. पण क्रीम म्हणजे न उकळलेल्या दुधातून यंत्रानं वेगळी काढलेली फॅट. ते फिरतं सेपरेटर स्वीडनच्या गुस्ताफ द लावालनं १८७८ मध्ये बनवलं, आणि डेअऱ्यांत आजही त्याच तत्त्वावर काम चालतं. त्यात फॅटचे कण सुटे सुटे राहतात. क्रीम फेटलं की हवेचे बुडबुडे आत जातात आणि हे कण एकमेकांना अर्धवट चिकटून प्रत्येक बुडबुड्याभोवती भिंत बांधतात. साय होताना दूध उकळलेलं असतं. प्रथिनांचा पापुद्रा धरतो, फॅट त्यात अडकते, बरेच कण फुटून एक होतात. वर पाच-सहा दिवसांची साठवलेली, थोडी आंबूस झालेली. भिंत बांधायला सुट्या विटा हव्यात आणि इथं आधीच ढिगारा झालाय. म्हणून साय फुलण्याचा टप्पा ओलांडून थेट लोण्यावर जाते. अगदी ताजी, गार साय गाळणीतून घासून घेतली तर फळांबरोबर खाण्यापुरती मऊ फेटली जाते, एवढं मी मान्य करते. केकवर फूल काढायला ती उभी राहत नाही.

बर्फ क्रीममध्येच टाकायचा, ही मेसेजमधली दुसरी चूक. ज्या जिल्ह्यात दूध घालून आलेल्या माणसाला 'आज फॅट किती लागली?' असं विचारतात, तिथं हे मी काय समजावणार! तरी हिशेब बघा. २०० ग्रॅम क्रीम, ३५ टक्के फॅट, म्हणजे ७० ग्रॅम. त्यात ५० ग्रॅम बर्फ वितळला की तेच ७० ग्रॅम २५० मध्ये पसरले: २८ टक्के. नीट उभं राहायला निदान ३० तरी लागते, ३५ असली तर निर्धास्त. बर्फ हवाच, पण भांड्याच्या बाहेर. परातीत बर्फ, त्यावर मूठभर खडेमीठ, त्यात स्टीलचं उभट पातेलं. मटका कुल्फीवाला मीठ घालतो ते याचसाठी, मिठानं बर्फाचं तापमान शून्याच्याही खाली उतरतं. तेवढं खारं पाणी आत उडू देऊ नका. मी एकदा दिलंय.

गारव्याचा एवढा आग्रह का, तर फॅट घट्ट असेल तरच भिंत टिकते. चार-पाच अंशांना क्रीम भराभर फुलतं, दहाच्या वर गेलं की रडायला लागतं. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात दुपारी किती असतं ते सांगायला नको. म्हणून क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे), पातेलं आणि फेटणी अर्धा तास फ्रीझरमध्ये, आणि काम सकाळी लवकर.

फ्रेश क्रीमचं पाकीट हातात घ्या आणि वाचा. अमूलच्या निळ्या पाकिटावर २५ टक्के फॅट लिहिलेली असते. भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये घालायला ते उत्तम, फुलायचं मात्र नाही. कॉर्नफ्लोअरनं घट्ट होईल म्हणतात, तर कॉर्नफ्लोअर घट्ट होतो तो शिजल्यावर, साठ-सत्तर अंशांच्या पुढं. गार क्रीममध्ये तो नुसता तळाशी बसतो आणि तोंडात कच्चं पीठ लागतं. केकचं सामान मिळतं त्या दुकानात व्हिपिंग क्रीम मागा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. फक्त दुधाची फॅट असेल तर ते दुधाचं. पाम किंवा पाम कर्नल तेल दिसलं तर ते दुसरं, ज्याला मेसेजनं प्लास्टिक म्हटलंय.

ते प्लास्टिक नाही. वनस्पती तेल, पाणी, साखर आणि घट्ट राहण्यासाठीचे पदार्थ. दूध न वापरता फुलणारं असलं क्रीम अमेरिकेत रॉबर्ट रिच यांनी १९४५ मध्ये सोयाबीनपासून काढलं, आणि गंमत म्हणजे शहराचं नाव बफेलो! नावात म्हैस, क्रीममध्ये म्हशीचा थेंब नाही. बेकरीवाले ते वापरतात कारण ते तिप्पट-चौपट फुलतं आणि उन्हाळ्यात केक गाडीवरून घरी जाईपर्यंत तग धरतं. दुधाचं क्रीम अर्ध्या तासात मान टाकतं. आता, ते खावं का? मला त्याची चव आवडत नाही, जिभेवर मेणासारखं राहतं. जुनी भीती ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला वाईट असलेल्या फॅटची होती, ती खोटी नव्हती. पण जानेवारी २०२२ पासून आपल्याकडं तेल-वनस्पती तुपात तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणलीय. आवडत नाही म्हणा, साखर फार म्हणा, तेल आहे म्हणा. प्लास्टिक म्हणू नका.

'जितकं फिरवाल तितकं फुलेल' हे तर सरळ खोटं. दुधाचं क्रीम दुपटीपर्यंत फुलतं, पुढं उतरतं. आधी फेटणीच्या रेघा उमटून राहतात. तेव्हा पिठीसाखर घालायची. मग शेंडा उभा राहून टोकाला वाकतो. मग ताठ राहतो. थांबा! पुढच्या अर्ध्या मिनिटात रव्यासारखं दिसायला लागतं. तिथं अजून वाचवता येतं, दोन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हलक्या हातानं ढवळायचं. ताक सुटलं की मात्र परतीची एसटी नाही.

आणि अवजारं. मेसेजमधलं एकच वाक्य मला अर्धं पटतं, बीटरवर पैसे घालवू नका हे. पण त्याऐवजी मिक्सर सुचवलाय तिथं घोळ. मिक्सरचं पातं कापायला केलेलं, मिनिटाला हजारो फेरे घेणारं, आणि खालून मोटरची ऊब. गार भांड्यात थांबत थांबत फिरवलं तर क्रीम घट्ट होतं, मी करून बघितलंय, पण हवा कमी भरते आणि लोणी व्हायला चार सेकंद पुरतात. झाकण काढून बघेपर्यंत खेळ खलास. तारांची साधी फेटणी भांड्यांच्या दुकानात शे-दोनशेला मिळते. कपभर क्रीमला सात-आठ मिनिटं लागतात, दंड भरून येतो, पण प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर घडतो आणि लाईट गेली तरी काम अडत नाही. माझ्याकडं आत्याचा हातानं फिरवायचा दात्यांचा बीटरही आहे, दांडा ढिला झालाय, तरी चालतो. विजेचा बीटर महिन्याला चार-पाच केक करणाऱ्यानं घ्यावा. त्यातही सुरुवात मंद वेगानं आणि शेवटचं अर्ध मिनिट हातानं. नोझलची पिशवी नसली तर ज्यांना मेंदीचा कोन वळता येतो त्यांनी बटर पेपरचा कोन वळावा.

वहिनींना मी फ्रिजमधलं पाव लिटर क्रीम आणि फेटणी दिली. माझ्याच ओट्यावर, परातीतल्या बर्फात, त्यांनी नऊ मिनिटांत फेटलं, मधे दोनदा हात बदलून. केक संध्याकाळी कापला.

राहिला तो वाटीतला गोळा. साखर पडलेली, त्यामुळं कढवून तूप करायची सोय नव्हती, तळाला करपलं असतं. गोड लोणी आणि खाली उरलेलं गोड ताक, दोन्ही त्यांनी मैद्यात घालून मळलं आणि शंकरपाळी केली. खुसखुशीत झाली. सोमवारी ग्रुपवर तिचाच फोटो होता, आणि खाली मावशीचे जोडलेले हात: 'कृती पाठवा.'