मुक्तिपत्रे बंद झाली, तरी भांडण का मिटले नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा (प्रोटेस्टंट पंथ ज्यातून कॅथलिक चर्चपासून वेगळे झाले, ती चळवळ) हा मुळात मुक्तिपत्रांच्या, म्हणजे पापांच्या शिक्षेत सवलत देणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या, विक्रीविरुद्धचा उद्रेक होता, चर्चच्या जमिनींवर डोळा असलेल्या जर्मन राजांनी तो उचलून धरला, आणि ‘केवळ विश्वासाने तारण’ हा सिद्धान्त म्हणजे त्यावर नंतर चढवलेला मुलामा होय. कारण तारण देवाच्या कृपेने होते, हे कॅथलिक चर्चही मानतच होते.

राजांच्या स्वार्थाबद्दल मला वाद घालायचा नाही. मठांच्या मालमत्ता त्यांनी ताब्यात घेतल्या, हे खरेच आहे. परंतु चळवळ कोणाच्या आधाराने टिकली आणि ती कशाविषयी होती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या चळवळीचा प्रवर्तक, जर्मन धर्मपंडित मार्टिन ल्यूथर याने मुक्तिपत्रांवर टीका करणाऱ्या आपल्या १५१७ च्या ९५ कलमांत ती सरसकट नाकारलेली नव्हती, हे मान्य. पण १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत धर्मपरिषदांकडूनही (चर्चच्या बिशपांच्या अधिकृत सभांकडूनही) चूक होऊ शकते, असे तो म्हणाला, आणि १५२० मध्ये त्याने चर्चच्या सात संस्कारांपैकी (कृपा देणाऱ्या पवित्र विधींपैकी) अखेर बाप्तिस्मा व प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी) हे दोनच शिल्लक ठेवले. या शिकवणीच्या आधारे तोवर कोणत्याही राजाने मठाची जमीन घेतलेली नव्हती. उलट, सॅक्सनीचा शासक असलेल्या ज्या फ्रेडरिकने ल्यूथरला आश्रय दिला, त्याच्याच विटेनबर्गमधील चर्चमध्ये संतांच्या १९,००० हून अधिक पवित्र अवशेषांचा संग्रह होता, आणि त्यांच्या दर्शनाला पापांच्या शिक्षेतील सवलत जोडलेली होती. आश्रयदात्याच्याच ठेव्याची किंमत शून्य करणारा सिद्धान्त त्याच्या सोयीसाठी रचला गेला, असे म्हणणे मला तरी कठीण वाटते.

भ्रष्टाचार हेच मूळ असते, तर तो दूर होताच भांडण निवळायला हवे होते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६२ मध्ये मुक्तिपत्रांच्या नावाने दान गोळा करणाऱ्यांचे पदच रद्द केले आणि १५६७ मध्ये पोप पाचव्या पायसने पैशांशी जोडलेल्या अशा सर्व सवलती मागे घेतल्या. मात्र त्याच परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याविषयी (माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरतो, याविषयी) ३३ निषेधकलमे, म्हणजे विरोधी मते धिक्कारणारी कलमे, संमत केली होती, आणि त्यांतील नववे थेट ‘केवळ विश्वासाने’ या मतावर होते. आचरण सुधारण्याची तयारी होती. सिद्धान्त सोडण्याची नव्हती.

आता ‘दोघेही कृपाच मानत होते’ या मुद्द्याकडे वळतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतील सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. कॅथलिक शिकवणीनुसार कृपा माणसाच्या अंतरात ओतली जाते आणि तो खरोखरच नीतिमान बनू लागतो. ही नीतिमत्ता संस्कारांनी व सत्कृत्यांनी वाढते, घोर पापाने गमावली जाते आणि प्रायश्चित्त संस्काराने परत मिळते. ल्यूथरच्या मते देव ख्रिस्ताची नीतिमत्ता पाप्याच्या खाती मांडतो, त्यामुळे विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. सत्कृत्ये हे त्याचे फळ असते, कारण नव्हे. निवाडा आधीच पूर्ण झाला असेल, तर क्षमेनंतरही उरणारी शिक्षा, ती मृत्यूनंतर भोगण्याचे शुद्धिस्थान, मृतांसाठीचे मिस्सा (उपासनाविधी), संतांच्या पुण्याचा साठा आणि संन्यस्त जीवनाचे श्रेष्ठत्व या सगळ्यांखालचा आधारच निघून जातो. मुक्तिपत्रे ही या इमारतीची फक्त एक खिडकी होती.

राजकारण वरचढ होते की श्रद्धा, हे पाहायचे तर १५२९ चे मारबुर्ग पाहावे. हेसेचा प्रोटेस्टंट शासक फिलिप याला कॅथलिक सम्राटाविरुद्ध एकजूट हवी होती, म्हणून त्याने ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली यांना तेथे समोरासमोर बसवले. १५ पैकी १४ कलमांवर एकमत झाले. पंधराव्यात, प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते की नाही, या एका प्रश्नावर ल्यूथर हटला नाही. भाकरीचे मूलतत्त्वच पालटते हा कॅथलिक सिद्धान्त त्याने सोडला होता, पण ती निव्वळ खूण आहे हे झ्विंग्लीचे म्हणणेही त्याला मान्य नव्हते. फिलिपला हवी होती ती एकजूट झाली नाही.

आपल्या बाजूने एक गोष्ट मीच नोंदवतो. १५४१ मध्ये रेगेन्सबुर्ग येथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट धर्मपंडितांनी नीतिमान ठरण्याविषयी एक समान मसुदा खरोखर तयार केला होता. परंतु तो ना रोमला पटला ना ल्यूथरला, आणि बोलणी प्रभुभोजन व चर्चचा अधिकार यांवर फिसकटली. १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे लुथरन महासंघ आणि रोम यांनी याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तरी प्रभुभोजनाची पंगत आजही एक झालेली नाही.