बॅटरी झोपली, आम्ही ओढतोय

प्लग-इन हायब्रिड (चार्ज करायची बॅटरी आणि पेट्रोल इंजिन, दोन्ही असलेली) एसयूव्ही घेतली तेव्हा माझा हिशोब एकदम सरळ होता, रोजचं जाणं-येणं विजेवर आणि सुट्टीत मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, लावून लांब पेट्रोलवर, म्हणजे एका गाडीत दोन गाड्या. मिळाल्या की दोन गाड्या, फक्त वजनही तसंच मिळालं.

टो-बार (कॅरॅव्हॅन अडकवायचा मागचा दांडा) बसवायच्या आधी कागद काढले तर ओढायची मर्यादा १५०० किलो. आमची कॅरॅव्हॅन रिकामी १२५०. बायको म्हणाली, "अहो मग अडीचशे उरतात की!" उरतात ना, पण त्यात पाणी, गॅस सिलिंडर, तंबू, दोन सायकली आणि 'असू दे, लागलं तर' या नावाखाली येणारं सगळं घर. शेवटी आम्ही वजनकाट्यावर उशा मोजल्या. उशांना वजन नसतं हे मलाही कळतं, पण तोवर भांडण बरंच पुढे गेलेलं.

सगळ्याच अशा नसतात हां, बीएमडब्ल्यू एक्स५ ची प्लग-इन युरोपात २७०० किलो ओढते. आपण घेताना रंग बघितला, काय बोलणार.

निघालो तेव्हा मात्र मजा आली. मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर लावते त्यामुळे चढावर कॅरॅव्हॅनसकट गाडी आवाज न करता सुटली, मी आरशात बघून घेतलं की मागचं आहे ना अजून. स्क्रीनवर विजेवरचे ५० किलोमीटर दिसत होते ते विसाच्या आसपासच संपले, एवढा मोठा डबा हवेत ओढायचा म्हणजे संपणारच, आणि मग इंजिन जे ओरडायला लागलं ते घाट संपेपर्यंत. बॅटरी मागे आरामात झोपलेली, आता कॅरॅव्हॅनबरोबर तिलाही आम्हीच ओढतोय. सेव्ह मोडचं बटण सुरुवातीलाच दाबून चार्ज चढासाठी राखायचा असतो हे मॅन्युअलमध्ये होतं, मॅन्युअल घरी होतं. (वजन वाचवायला मीच काढून ठेवलेलं.)

म्हटलं चार्ज करू. तर चार्जिंगच्या जागेत एकटी गाडी जेमतेम मावते, कॅरॅव्हॅन सोडा, ढकला, बाजूला लावा, लोक बघतायत. फास्ट चार्जर समोरच होता पण आमच्या गाडीला तो चालत नाही, हळूवालाच लागतो, तीन तास. मुलांनी तिथेच तंबू ठोकला.

शाळेत निबंध लिहिलाय, 'आमची पार्किंगमधली सहल'.