एक घोडी, सत्तर घोडे

"पाव्हणं, तुमच्या पिकअपला मागं हूक हाय नव्हं?"

दाजींचा फोन सकाळी साडेसहाला आला. बहिणीच्या नवऱ्यानं असं काही विचारलं की आधी 'का?' म्हणावं, एवढी अक्कल मला तिच्या लग्नाला बावीस वर्षं झाली तरी आलेली नाही. मी "आहे की" म्हणून मोकळा झालो. आलं धुवायचं मशीन या मळ्यातून त्या मळ्यात न्यायला तो हूक बसवून घेतला होता. जिवंत असं काही त्यानं आजवर ओढलं नव्हतं.

दाजींनी अकलूजच्या घोडेबाजारातून एक पंचकल्याणी घोडी आणलेली. नाव मैना. पुतण्याचं लग्न पुसेगावला, आणि वरात मैनेवरूनच निघणार हे दाजींनी पुतण्याला न विचारता ठरवलेलं. आपल्याकडं घोडी पिकअपच्या हौद्यात चढवतात, दोन्हीकडून दोर बांधतात, झालं. मैनेनं हौद्याकडं एकदा बघितलं आणि दाजींच्या पायावर पाय दिला. मग दाजींनी परदेशातले लोक घोडी कशी नेतात ते मोबाईलवर बघितलं आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून एक ठेंगणी, दोन चाकांची, मागं उतरता फळका असलेली ट्रॉली बनवून घेतली. वेल्डिंगवाल्याचं आयुष्य उसाच्या ट्रॉल्या बनवण्यात गेलेलं. त्याच्या दुकानात एकच जाडीचा पत्रा असतो. घोडीसाठी म्हणून त्यानं फक्त रंग गुलाबी दिला.

कोरेगावच्या वजनकाट्यावर नुसती ट्रॉली भरली ६२० किलो. मैना ३८०. म्हणजे बरोबर एक टन, आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही.

"ब्रेक कशाला? फुडं तुमच्या गाडीला हाय की," दाजी म्हणाले.

ट्रॉली ओढणं म्हणजे ताकदीचं काम, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते तराजूचं काम निघालं. ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा लागतो. आमच्या हिशेबानं शंभर-दीडशे किलो. आम्ही मैनेला आधी जरा मागं बांधलं. ताशी चाळीसला काटा गेला मात्र, ट्रॉली शेपटी हलवायला लागली आणि तिच्याबरोबर पिकअपही. मग दाजींनी घोडीला पुढं ओढलं आणि वर कडब्याच्या पेंढ्याही पुढंच रचल्या. पिकअपचे मागचे पाटे बसले, तोंड आभाळाकडं झालं आणि स्टेअरिंग लोण्यातून फिरवल्यासारखं हलकं लागायला लागलं. पुढची चाकं रस्त्यावर नुसती टेकलेली असतात तेव्हा असं होतं. पोत्याला एकदा ठेवलं की ते ठेवल्या जागी राहतं. मैना मात्र दर वळणावर आपला भार या पायावरून त्या पायावर घेई, की आमचा तराजू पुन्हा पहिल्यापासून.

ट्रॉलीत कप्पे दोन होते. 'पुढंमागं दुसरी घोडी घेतली तर?' हा दाजींचा दूरदर्शीपणा. त्यांनी मैनेला डाव्या कप्प्यात घातलं होतं, कारण लक्ष्मी डावीकडं बसते. आता रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपण चालतो डावीकडून. म्हणजे गाडी आधीच डावीकडं कललेली, त्यात लक्ष्मीही तिकडंच. कोरेगाव सोडायच्या आत एक चाक साइडपट्टीवर गेलं आणि मैनेची बदली उजव्या कप्प्यात झाली.

पण हे सगळं नंतरचं. खरी बेअब्रू त्याआधी, मळ्यातून डांबरीला लागायच्या बोळातच झाली. समोरून ट्रॅक्टर आला, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. हंगामात उसाच्या गाडीला वाट द्यायची असते, तिथं घोडी, नवरदेव, कुणाचं काही चालत नाही. मला मागं घ्यायला लागणार होतं. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडं, हे मला पाठ होतं. पाठ असून काय? ट्रॉली जेवढी आखूड, तेवढी ती चटकन वळते आणि गाडीशी कात्री करून बसते. दाजी मागं उभे राहून "येऊ दे, येऊ दे" करत होते, गाडीला की घोडीला हे शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्या प्रयत्नात मी बांधावरच्या शेवग्याला टेकलो.

ट्रॅक्टरवरून विशीतला एक पोरगा उतरला. एका कानाला मोबाईल. "काका, सरका." त्यानं स्टेअरिंगच्या तळाशी एक हात ठेवला, ट्रॉली जिकडं जायला हवी तिकडं तो हात नुसता सरकवला, आणि आमचं सगळं लटांबर एका दमात गोठ्यापर्यंत मागं नेलं. "खालनं धरायचं," तो मला म्हणाला, आणि मोबाईलवर, "न्हाई गं, तुला न्हाई."

वर्धनगडच्या घाटापर्यंत बरं चाललं. घाटात दुसरा गिअर, मग पहिला. मागं वाहनांची रांग लागली. इंजिनाचा काटा चढत गेला, क्लचचा वास यायला लागला, आणि शेवटी एका वळणावर गाडी बाजूला घेऊन मी चाकाला दगड लावले. जेम्स वॅटनं वाफेची इंजिनं खपवायला घोड्याशी तुलना करून हॉर्सपॉवरचं माप काढलं, ७४६ वॅटचं. माझ्या पिकअपची ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे सत्तर घोडे एका घोडीला ओढताना धापा टाकत होते आणि ती घोडी आत उभ्या उभ्या झोपली होती. घोड्यांना ते जमतं. त्यात खरा घोडा थोडा वेळ जोर लावला तर एकटाच चौदा-पंधरा हॉर्सपॉवर काढतो, हे वॅटसाहेबांचं माप आम्हाला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

"उतरवा," दाजी म्हणाले.

मैना उतरली, अंग झाडलं, आणि घाटाकडं असं बघितलं की हे आधीच का नाही सांगितलं. दाजी फेटा बांधून वर बसले. पुढं दाजी, मागं मी, गुलाबी रिकामी ट्रॉली आणि चारही इंडिकेटर चालू. शेजारून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून एका म्हातारीनं दाजींवरून कडाकडा बोटं मोडली. एका मोटरसायकलवाल्यानं माझ्या खिडकीशी येऊन, "एवढ्या वयात?" असं हळूच विचारलं. मी "दुसरं आहे" म्हणालो. दाजींनी ते ऐकलं असावं, कारण वर पोचेपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

वरात झाली. नवरदेव घोडीवर फोटोपुरता बसला आणि नंतर कारमधून गेला. जेवणाच्या पंगतीत दाजी चार जणांना ट्रॉलीची तारीफ ऐकवत होते. मी ताकाची वाटी घेऊन बसलो होतो, तेवढ्यात त्यांनी लांबूनच हाक दिली.

"पाव्हणं, जाताना कायबी तरास न्हाई बघा. सगळा उतारच हाय!"